डब्यावरचं नाव, आतला जिन्नस

फेब्रुवारी २०२४ मधली एक रात्र. साडेअकरा वाजून गेले होते. ओटा आवरून, दुधाला विरजण लावून, सकाळची भाजी निवडून मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. पडद्यावर आमच्या आक्का. तोंड अर्धवट उघडं, उजवा हात वर, डोक्यावरून पदर घेतलेला. पुढचा शब्द अगदी ओठांवर आलेला आणि तिथेच सगळं थांबलेलं. मधोमध एक छोटं वर्तुळ गरगर फिरत होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आक्का काही पुढे बोलेनात.

‘‘आई, परत हँग?’’ अकरावीतला मुलगा पाणी प्यायला आला होता. ‘‘ती क्लिप काढून टाक ना! एका क्लिपने काय फरक पडतो?’’

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाकीचे व्हिडिओ चालत होते, हाच अडत होता. पण ही ‘एक क्लिप’ म्हणजे काय होती, ते त्याला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर त्या रात्री मलाही पुरतं ठाऊक नव्हतं.

आमचा महिला बचत गट ८ मार्च २००४ ला सुरू झाला. अकरा जणी आणि महिन्याला वीस रुपये. गट काढला तो आक्कांनी. शाळा दुसरीपर्यंतची, पण हिशेब तोंडपाठ. सही करायला शिकल्या त्या पन्नाशीत, बँकेत खातं उघडायचं म्हणून. २०१५ साली त्या गेल्या. २०२४ च्या ८ मार्चला गटाला वीस वर्षं होणार होती, म्हणून जानेवारीच्या बैठकीत ठरलं की, वीस वर्षांची एक पंधरा मिनिटांची फिल्म करायची आणि कार्यक्रमात सगळ्यांना दाखवायची. गावातल्या मिक्सिंगवाल्याने (लग्नाच्या शूटिंगची जोडाजोड करतात ना, त्याला आमच्याकडे मिक्सिंगच म्हणतात) बारा हजार सांगितले. गटाकडे कार्यक्रमाला एकूण होते तीन हजार, त्यातच चहा-नाश्ता आणि मांडव. सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘मी करते.’’

मैत्रिणींनो, मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. कम्प्युटरवर गटाचा हिशेब लिहिते, पत्रं टाइप करते, एवढीच माझी धाव. लॅपटॉपसुद्धा २०२० साली मुलाची ऑनलाइन शाळा सुरू झाली म्हणून घेतलेला. मुलानेच त्यात व्हिडिओ जोडायचं एक फुकट सॉफ्टवेअर घालून दिलं. क्लिप खालच्या पट्टीवर ओढून आणायची, नको तो भाग कापायचा, दोन तुकडे जोडायचे. एका दुपारी मला ते जमलं. शिवणकामासारखंच वाटलं, मोजायचं, कापायचं, जोडायचं.

मग सामान यायला लागलं. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलं, कुणी पेनड्राइव्ह आणला, कुणी नुसता फोनच हातात दिला, ‘‘तुम्हीच काढून घ्या ताई.’’ सगळे मिळून त्रेचाळीस तुकडे झाले. पापडाचं मशीन आलं तो दिवस, शेळ्यांचं वाटप, बँकेतली सभा, सहल. आणि २००९ सालच्या, पाच वर्षं पूर्ण झाली तेव्हाच्या कार्यक्रमाचं शूटिंग. आमच्या एका सदस्येच्या जावयांनी त्यांच्या नव्या हँडीकॅमने ते केलं होतं. त्यात आक्कांचं सात मिनिटांचं भाषण होतं. आक्कांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. फोटो होते, पण आवाज हा एवढाच. त्या कार्यक्रमाला मी होते, पण भाषण चालू असताना मागे चहाच्या पातेल्यापाशी होते. म्हणजे ते मीही ऐकलेलं नव्हतं.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. आक्कांची क्लिप पट्टीवर टाकली की सॉफ्टवेअर गप्प. माऊस हलेना, वरती ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी पाटी. बंद करायचं, पुन्हा उघडायचं, मधलं केलेलं काम गेलेलं असायचं. आणखीही काही क्लिपवर असंच व्हायचं, पण कधी कुठल्या ते कळेना.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. दुकानदार म्हणाला, ‘‘मॅडम, मशीन जुनं झालं, नवीन घ्या.’’ आमचे हे म्हणाले, ‘‘अगं, त्याचं वय झालं, तू कशाला डोकं फोडतेस? दे कुणालातरी.’’ मुलाने तर एक अक्कलहुशारी केली. फाईलच्या नावातली शेवटची अक्षरं खोडून तिथे ‘एमपी४’ लिहिलं, कारण चालणाऱ्या फाइलींच्या नावापुढे तेच होतं. काही फरक पडला नाही. मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, जुने सिनेमे पुसून जागा मोकळी केली. तरी वर्तुळ फिरायचं ते फिरतच. चौथ्या दिवशी मी स्वतःलाच म्हणाले, जाऊ दे, हे आपलं काम नाही. बायकांना हे वाक्य किती पटकन सुचतं नाही? मिक्सर बिघडला तर आपण म्हणतो, मिक्सर बिघडला. कम्प्युटर अडला की म्हणतो, मला जमत नाही.

मला सोडवलं ते गटाच्या हिशेबाने. आमच्याकडे महिनाअखेरीला दहा रुपयांचा फरक निघाला, तर आम्ही वही फेकून देत नाही आणि खजिनदारालाही दोष देत नाही. एकेक नोंद बोट ठेवून तपासतो. म्हटलं, इथेही तेच करू. मुलाची एक कोरी वही घेतली, चार रकाने आखले. क्लिपचं नाव, कुणाकडून आली, कशाने काढली, काय झालं. मग एका वेळी एकच क्लिप टाकायची, चालवून बघायची, लिहायची, काढायची, पुढची घ्यायची. तांदूळ निवडावेत तसं. दोन रात्री गेल्या, पण तिसऱ्या दिवशी सकाळी वहीत चित्र स्पष्ट होतं. त्रेचाळीसपैकी एकतीस सुरळीत. सहा अडतात, त्या सगळ्या एकाच सदस्येच्या सुनेच्या नव्या, महागड्या फोनवरच्या. पाच अडतात, त्या सगळ्या २००९ च्या. आणि एक चालते, पण ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.

गंमत बघा. साध्या फोनवरच्या, व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत आलेल्या, जरा धुरकट क्लिप बिनबोभाट चालत होत्या आणि सगळ्यांत महागड्या फोनच्या सुंदर क्लिप अडत होत्या! म्हणजे लॅपटॉप सरसकट म्हातारा झालेला नव्हता. त्याला ठरावीक गोष्टी पचत नव्हत्या, एवढंच.

ती वही घेऊन मी मिक्सिंगवाल्या भाऊंच्या दुकानात गेले. जरा संकोच वाटत होता, काम त्यांना दिलं नव्हतं आणि विचारायला चालले होते. पण वही बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. ‘‘ताई, लोक येतात आणि सांगतात, चालत नाही. काय चालत नाही, ते कुणी लिहून आणत नाही.’’ मी विचारलं, ‘‘भाऊ, चालणाऱ्या आणि अडणाऱ्या, दोन्हींच्या नावापुढे एमपी४ आहे. मग फरक कसला?’’

ते हसले. ‘‘तुमच्या घरात डब्यावर साखर लिहिलंय म्हणजे आत साखरच असते का?’’

आता मला हसू आलं. माझ्या घरात ‘पोहे’ लिहिलेल्या डब्यात रवा आहे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुया-दोरे. हा प्रश्न कुठल्याही गृहिणीला समजावून सांगावा लागत नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. एमपी४, एमओव्ही, एव्हीआय, एमकेव्ही ही नुसती डब्यांची नावं. डब्यात चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या पद्धतीने. या भरण्याच्या पद्धतीला म्हणतात कोडेक. एच.२६४ नावाची पद्धत २००३ साली आली. ती आज जवळजवळ प्रत्येक फोन, टीव्ही, कम्प्युटरला समजते. २०१३ साली तिची धाकटी बहीण आली, एच.२६५, तिलाच एचईव्हीसी म्हणतात. तेवढंच चांगलं चित्र ती साधारण निम्म्या जागेत बसवते. आयफोन २०१७ पासून मूळ सेटिंगमध्ये हीच पद्धत वापरतात, आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्येही तिची सोय असते. पण घडी जितकी बारीक, तितकी उलगडायला मेहनत जास्त. शिवाय या पद्धतीवर बऱ्याच कंपन्यांची पेटंट आहेत. त्यामुळे ती उलगडण्याची सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतेच असं नाही.

‘‘मग नुसतं बघताना का अडत नाही? आणि कापायला घेतलं की का अडतं?’’ मी विचारलं. याचं उत्तर त्यांनी जरा तांत्रिक दिलं, पण मला ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सापडलं. मी दुधाचा हिशेब रोज लिहीत नाही. एक तारखेला लिहिते, ‘दीड लिटर’. मग पाहुणे आले त्या दिवशी ‘अर्धा जास्त’, गावाला गेलो तेव्हा ‘एक कमी’. नुसते फरक. व्हिडिओ अगदी तसाच साठवलेला असतो. अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं, तेवढंच. पहिल्यापासून सलग बघत गेलं तर त्रास नाही. पण कापताना आपण मधेच सतराव्या तारखेवर बोट ठेवतो, आणि त्या दिवशीचं दूध काढायला बिचाऱ्या कम्प्युटरला मागे जाऊन तिथपर्यंत बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं. आपण माऊस इकडेतिकडे हलवला की दर वेळी नव्याने. त्यात ते चित्र ‘फोर-के’चं. म्हणजे साध्या फुल एचडीच्या चौपट ठिपके. लॅपटॉप दमून बसतो, तेच ते फिरणारं वर्तुळ.

आणि आक्कांची क्लिप? तिची गोष्ट उलटी निघाली. २००६ साली सोनी आणि पॅनासॉनिक या कंपन्यांनी मिळून हँडीकॅमसाठी एव्हीसीएचडी नावाचा प्रकार आणला होता. त्याच्या फाइलींच्या नावापुढे ‘एमटीएस’ असतं. आतलं चित्र आपल्या ओळखीच्या एच.२६४ मध्येच, पण डबा वेगळा, आवाज भरण्याची पद्धत डॉल्बीची आणि चित्र ओळी-ओळींनी विणलेलं. आधी विषम ओळी, मग सम, अशा दोन अर्ध्यांनी एक चित्र पुरं व्हायचं. महागड्या फोनच्या क्लिपमध्ये डबा ओळखीचा होता, जिन्नस अनोळखी. आक्कांच्या क्लिपमध्ये जिन्नस ओळखीचा आणि डबा अनोळखी. दोन्हीकडे लॅपटॉप मात्र सारखाच रुसत होता.

‘‘म्हणजे क्लिप खराब झालेली नाही?’’ मी दोनदा विचारलं.

‘‘ताई, खराब असती तर व्हीएलसीवर चालली नसती. घरी जाऊन आधी तिथे लावून बघा.’’

व्हीएलसी हा व्हिडिओ बघण्याचा फुकट प्रोग्रॅम, बऱ्याच जणींच्या कम्प्युटरवर असेलच. घरी येऊन आक्कांची क्लिप त्यात लावली. न अडखळता चालली. आवाज ऐकू आला आणि मी दहा सेकंदांत बंद केली. म्हटलं, आधी काम, पूर्ण ऐकू ते फिल्ममध्येच. क्लिप चालू असताना कंट्रोल आणि जे ही बटणं एकदम दाबली की डब्यात काय भरलंय, ते व्हीएलसी सांगतं. चित्राचा कोडेक कुठला, आवाजाचा कुठला, ठिपके किती. मी वहीत पाचवा रकाना आखला, ‘आत काय आहे’. भाऊंनी सांगितलं ते एकूण एक तंतोतंत जुळलं. त्या दिवशी काय आनंद झाला म्हणून सांगू! दुरुस्त काहीच झालं नव्हतं, पण काय बिघडलंय ते कळलं होतं.

उपाय एकच. जिन्नस सगळा एकाच प्रकारच्या डब्यात, एकाच पद्धतीने भरून घ्यायचा. त्यासाठी हँडब्रेक नावाचा प्रोग्रॅम आहे, २००३ पासूनचा, पूर्ण फुकट. अडणारी क्लिप त्यात उघडायची, चित्रासाठी एच.२६४, आवाजासाठी एएसी आणि डबा एमपी४ निवडायचा. फोर-के असेल तर आकार फुल एचडी करायचा. ‘फ्रेमरेट’ म्हणून एक जागा असते, तिथे ‘कॉन्स्टंट’ निवडायचं, हे महत्त्वाचं. फोनचे कॅमेरे अंधार-उजेड बघून सेकंदाला कधी जास्त, कधी कमी चित्रं काढतात. जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र ठरावीक चाल लागते. लेझीम पथकात एकीची चाल बदलली की रांग विस्कटते, तसे ओठ आणि आवाज सुटे होतात. माझी ती एक क्लिप यानेच बिघडली होती.

पहिल्या सहा क्लिप एका रात्रीत मार्गी लागल्या. काय लोण्यासारख्या कापल्या जात होत्या! मग मी आक्कांची घेतली. लॅपटॉपला पाऊण तास लागणार होता. अर्धा तास झाला आणि लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच नावापुरती उरलेली, तोही बंद पडला. लाइट आल्यावर बघते तर नवी फाईल दिसतेय, वजनही भरपूर, पण उघडेना. छातीत धस्स झालं. भाऊंना फोन केला तर म्हणाले, ‘‘एमपी४ची अनुक्रमणिका बहुतेक वेळा शेवटी लिहिली जाते. पानं आहेत, पण कुठलं कुठे ते लिहायचं राहिलं. मूळ क्लिप आहे ना? मग परत करा.’’ मूळ क्लिप होती. पेनड्राइव्हवर, हात न लावलेली. त्या दिवसापासून माझा नियम पक्का आहे. बदल करायचा तो कॉपीत, मूळ फाईलला धक्का नाही.

दुसऱ्यांदा पूर्ण झाली. पट्टीवर टाकली. चालली! आक्कांचा हात वर गेला, खाली आला, ओठ हलले. पण आवाज नाही. एक शब्द नाही. मुलगा आता माझ्या शेजारी बसलेला होता, तोच म्हणाला, ‘‘आई, वही काढ.’’ वही काढली. चित्राच्या रकान्यात बदल केला होता, आवाजाच्या नाही. आवाज मूळचाच, डॉल्बीचा तसाच ठेवला गेला होता आणि तो आमच्या सॉफ्टवेअरला कळत नव्हता. चित्रासाठी ‘डीइंटरलेस’ म्हणजे त्या विषम-सम ओळी एकत्र विणण्याची सोय चालू आहे ना, तेही बघून घेतलं. एएसी निवडलं, पुन्हा पाऊण तास. रात्रीचा दीड वाजला होता. मुलगा झोपायला गेला नाही.

आणि आक्का बोलल्या.

गट कसा सुरू झाला, बँकेत पहिल्यांदा गेलो तेव्हा शिपायाने कसं बाहेर बसवलं, सगळं त्यांच्या ठसक्यात. चौथ्या मिनिटाला त्या म्हणाल्या, ‘‘आमच्यात मास्तरांची सून हाय. शिकल्याली. तीन महिने एक शब्द बोलली न्हाई. बाया म्हणल्या, आक्का, हिला कशाला ठिवता, हिला काढा, ही काय कामाची न्हाई. म्या म्हणलं, बसू द्या. पैसं आणती, येळंवर येती. आतमंदी काय हाय, ते कळंल की हळूहळू. आता आमचा समदा हिशेब तीच लिव्हती.’’

मास्तरांची सून म्हणजे मी. २००४ साली माझं नुकतंच लग्न झालं होतं. सासरचं गाव नवं, सासूबाईंचा धाक, चार बायकांत काय बोलावं ते कळायचं नाही. मला काढून टाकायचं चाललं होतं, हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आक्का का अडून बसल्या, तेही नाही. ज्या वेळी त्या हे सांगत होत्या, तेव्हा मी मागे चहात साखर घालत होते.

मुलाने क्लिप थांबवली. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘मी तुला हीच काढून टाक म्हणत होतो.’’

८ मार्चला शाळेच्या पटांगणात, मांडवात, पडदा म्हणून दुहेरी चादर बांधून आम्ही ती फिल्म दाखवली. फार भारी झाली होती असं नाही. दोन ठिकाणी आवाज मोठा झाला, एका ठिकाणी नाव चुकलं. पण आक्का बोलायला लागल्या तसा मांडव एकदम गप्प झाला. पहिल्या रांगेत आक्कांची मुलगी बसली होती, पुण्याहून मुद्दाम आलेली. नऊ वर्षांनी आईचा आवाज ऐकत होती. नंतर मला म्हणाली, ‘‘आई ‘हाय’ कसं म्हणायची, ते मी विसरत चालले होते हो ताई.’’ तिला मी पेनड्राइव्हवर दोन्ही फायली दिल्या, मूळची आणि बदललेली. आणि कागदावर लिहून दिलं की, मूळची उघडली नाही तरी पुसायची नाही.

तुमच्यापैकी कुणी घरातल्या मुंजीचं, आजीच्या पंच्याहत्तरीचं, मुलांच्या लहानपणाचं काही जोडायला बसलात आणि कम्प्युटर अडला, तर आधी नवीन मशीनचे पैसे काढू नका. एकेक क्लिप वेगळी चालवून बघा आणि वहीत लिहा. व्हीएलसीवर चालतेय ना बघा, तिथे चालली तर आशा भरपूर आहे. आत काय आहे ते वाचा, मग हँडब्रेकमधून एकाच पद्धतीची करून घ्या. नुसतं नाव बदलून काही होत नाही. कुठल्याही अनोळखी ठिकाणाहून ‘कोडेक पॅक’ उतरवून घेऊ नका, त्यातून व्हायरस येऊ शकतात. पेनड्राइव्हवरून थेट काम न करता आधी क्लिप कम्प्युटरवर उतरवा आणि डिस्कवर मोकळी जागा ठेवा. सगळंच शूटिंग फोर-केचं असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रॉक्सी’ची सोय आहे का बघा. आपण भारी कापडाला कात्री लावण्याआधी जुन्या साडीवर ब्लाऊज बेतून बघतो ना, तसं हलक्या कॉपीवर काम करायचं आणि शेवटी मूळचं लावायचं.

आणि शूटिंग करतानाच थोडी काळजी घेतली तर पुढचं बरंच वाचतं. आयफोन असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कॅमेरा’, त्यात ‘फॉरमॅट्स’ आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडून ठेवा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो दाबून लहान केला जातो आणि चेहरे पुसट होतात. जुन्या हँडीकॅमचं कार्ड उतरवताना नुसत्या फायली न घेता सगळा फोल्डर जसाच्या तसा घ्या, लांब शूटिंगचे तुकडे कसे जोडायचे याची माहिती त्यातच असते.

आता आमच्या गल्लीत माझं नाव झालंय. परवाच शेजारच्या वहिनी फोन घेऊन आल्या. बहिणीच्या डोहाळजेवणाचा व्हिडिओ होता, उघडत नव्हता. ‘‘काही नाही हो, बिघडलाय बहुतेक, पुसून टाकू का?’’ विचारत होत्या. मी ओट्यावरचे ओले हात पुसले आणि वही काढली.

‘‘थांबा वहिनी,’’ म्हटलं, ‘‘पुसू नका. आधी आत काय आहे, ते बघू.’’